इंटर नापास : निजामी मराठवाड्यातल्या एका वाचणाऱ्या मुलाविषयी

मराठीच्या प्राध्यापकांत नरहर कुरुंदकरांचा विषय निघाला की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक, ते इंटरला नापास झाले होते. दोन, त्यांनी वाचले नाही असे फारसे काही उरले नव्हते. या दोन गोष्टी अशा लागोपाठ येतात की ऐकणाऱ्याला त्यांत आपोआप कार्यकारणभाव दिसू लागतो. नापास झाले, कारण वाचत होते. आणि एवढे वाचू शकले, कारण परीक्षेची पर्वा केली नाही. विद्यार्थ्यांना ही कथा आवडते. शिक्षकांना तर जरा जास्तच आवडते. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचा, हे सांगण्यासाठी एक हुकमी दाखला मिळतो आणि आपण स्वतः ज्या परीक्षा घेतो त्यांच्याविषयी मनात असणारी खंतही थोडी हलकी होते.

ही कथा खोटी नव्हे, पण तिच्यातून काळ आणि स्थळ दोन्ही गळून पडले आहेत. उरला आहे तो एक कलंदर, विलक्षण बुद्धीचा मुलगा, जो कुठेही आणि कधीही जन्मला असता तरी असाच वाचत राहिला असता. इतिहासाचा विद्यार्थी अशा मुलावर विश्वास ठेवत नाही. प्रस्तुत लेखात कुरुंदकरांच्या समीक्षाविचाराची तपासणी करायची नाही. ते काम अनेकांनी केले आहे. इथे प्रश्न लहान आहे. १९४० ते १९५५ या काळात मराठवाड्यातला एक मुलगा वाचतो, म्हणजे कोणत्या भाषेत वाचतो, कोणाच्या पुस्तकांतून वाचतो, कोणाच्या घरी जेवून वाचतो? आणि त्याचे हे वाचन, ज्यातून वर्षानुवर्षे हाताला काहीच लागत नव्हते, कोणी सोसले?

हा प्रश्न सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातून विचारण्याला विशेष अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, जो भूकंप झाला त्याला सारे जग किल्लारीच्या नावाने ओळखते. पण सास्तूर हे त्याच्या सर्वाधिक फटका बसलेल्या गावांपैकी एक होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी इथल्या घरांची रचना. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद त्या पहाटे माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. जिथे माणसांची मोजदाद अवघड झाली होती, तिथे देवळीतल्या पोथ्या, कोनाड्यातली कागदपत्रे, शाळकरी वह्या यांचा हिशेब कोण ठेवणार? या भागातल्या साध्या वाचकाचा इतिहास लिहायला बसले की त्याच्या घराऐवजी त्याच्या भोवतीच्या संस्थांकडे आणि त्याच प्रदेशातल्या, त्याच राजवटीतल्या एखाद्या सुपरिचित वाचकाकडे पाहावे लागते. कुरुंदकर हे तसे उदाहरण आहे. ते जन्मले १५ जुलै १९३२ रोजी, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात. कुरुंदा हे त्यांचे मूळ गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. सास्तूर आणि कुरुंदा यांच्यात अंतर बरेच असले तरी १९४८पर्यंत दोन्ही गावे निजामाच्याच हैदराबाद संस्थानात होती आणि शाळेत जाणाऱ्या मुलापुढचा भाषेचा पेच दोन्हीकडे एकच होता.

तो पेच आज समजावून सांगावा लागतो. घरी मराठी, देवळात मराठी, बाजारात मराठी. आणि माध्यमिक शाळेची पायरी चढली की उर्दू. सरकारदरबाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते संपूर्ण उर्दू माध्यमाचे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले, पाश्चात्य शास्त्रांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली गेली. (इथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग त्या काळी असामान्य होता, आणि मराठीतून उच्च शिक्षण द्यावे असे म्हणणाऱ्यांनी त्याचा अभ्यास करायला हवा होता. पण ती भाषा संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची नव्हती.) मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांच्या मुलांना ज्ञान मिळे ते परभाषेतून, आणि स्वतःच्या भाषेत उरे ती पोथी.

या 'पोथी' शब्दाला आपण फार पटकन नाक मुरडतो. चातुर्मासात एखाद्या वाड्याच्या ओसरीवर 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागलेला असे. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, ऐकणारे पन्नास. अक्षरओळख असलेल्या मुलाला वाचनाचे पहिले सार्वजनिक काम मिळे ते इथेच. म्हणजे या प्रदेशातल्या मुलाच्या मनात मराठी वाचन ही मुळात एकट्याने, मुक्याने करायची गोष्ट नव्हतीच. मोठ्याने वाचायचे, मग त्यावर बोलायचे, शंका आली तर जाणत्याला विचारायची. हे ध्यानात ठेवावे. पुढे कुरुंदकरांच्या गद्याकडे वळू तेव्हा ते उपयोगी पडेल.

शाळेबाहेर मराठीची दुसरी जागा होती ती वाचनालये आणि खासगी शाळा. परभणीचे गणेश वाचनालय १९०१चे. हैदराबाद शहरात १९०७मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली; पुढे त्याच शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. ही नावे वाचताना एरवी कोरडी वाटतात, पण संस्थानातली परिस्थिती पाहिली म्हणजे त्यांचे मोल कळते. खासगी शाळा काढायला सरकारी परवानगी सक्तीची केली गेली होती. सभा भरवायला 'गश्ती निशाण ५३' आडवे येई. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८मध्ये 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढले ते पुण्याहून. आणि संस्थानात त्यावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा काढले जाई. ज्या प्रदेशाचे नाव पत्राच्या माथ्यावर होते, त्या प्रदेशात ते चोरून वाचावे लागे. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला वाचन हा विरंगुळा आहे असे कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

आता सास्तूरच्या शेजारी यावे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या खेड्यात १९२१ साली, असहकाराच्या दिवसांत, एक राष्ट्रीय शाळा सुरू झाली. या शाळेवर १९२९च्या सुमारास एक तरुण मुख्याध्यापक आला. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्याचे नाव. विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा जन्म, टिळक विद्यापीठातले शिक्षण, कामगार चळवळीतला अनुभव. हिप्परग्याच्या काळातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपेही याच शाळेत शिक्षक होते. पुढे १९३५मध्ये ही मंडळी अंबाजोगाईला गेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हिप्परगा हे एखाद्या ओळीत येऊन जाते, कारण त्या इतिहासाला घाई असते ती १९३८चा सत्याग्रह आणि १९४८ची पोलीस कारवाई गाठण्याची. वाचनाच्या इतिहासाने मात्र तिथे थांबले पाहिजे. सरकारी चौकटीबाहेर, मातृभाषेतून शिकवणारी एक शाळा आडगावी उभी राहते आणि ती चालवणारा मनुष्य पुढे राज्याच्या राजकारणाचे नेतृत्व करीत असतानाही शिक्षणसंस्था काढायचे विसरत नाही. हा धागा आपल्याला पुन्हा लागणार आहे, आणि तो थेट कुरुंदकरांच्या नोकरीपर्यंत जाणार आहे.

तत्पूर्वी हैदराबाद. कुरुंदकरांच्या वाचनाची खरी जागा ते शहर आहे, आणि त्या शहरातले एक घर. डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर हे त्यांचे मामा. उस्मानिया विद्यापीठात ते मराठीचे प्राध्यापक होते. उर्दू विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक असणे ही मोठी विलक्षण अवस्था असणार. सगळे ज्ञान एका भाषेत आणि आपण मात्र दुसऱ्या भाषेचे राखणदार. नांदापूरकरांचा ग्रंथ आहे 'मुक्तमयूरांची भारते'. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास. आज आपले विद्यार्थी तो उघडत नाहीत (आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर आपणही क्वचितच उघडतो), पण त्याचा परिणाम दुसरीकडे दिसतो. ओसरीवर ऐकलेली पोथी ही अभ्यासाचा विषय होऊ शकते, एका कवीचे भारत दुसऱ्याच्या भारताशेजारी ठेवून फरक मोजता येतो, फरकाची कारणे शोधता येतात, हे शिक्षण त्या घरात हवेसारखे उपलब्ध होते. कुरुंदकर आयुष्यभर महाभारतावर बोलत आणि लिहीत राहिले. 'व्यासांचे शिल्प' या नावाने ते लेखन पुढे एकत्र आले. व्यासांकडे श्रद्धेने न पाहता आणि उपहासानेही न पाहता, एका रचनेकडे पाहावे तसे पाहायची त्यांची जी रीत आहे, तिचे मूळ केवळ इंग्रजी समीक्षेत शोधणे चुकीचे ठरेल.

म्हणजे दंतकथेतला कलंदर मुलगा मुळात एका प्राध्यापकाच्या घरचा भाचा होता. हे सांगण्याने त्याची बुद्धी उणी होत नाही. पण त्याला पुस्तके कुठून मिळाली, पुस्तकांविषयी बोलायला माणूस कुठून मिळाला, आणि नापास झाल्यावरही ताट कुठे मांडले गेले, या प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात. त्यातच शहर पाहावे. १८९१पासूनचे आसफिया ग्रंथालय मुसा नदीच्या काठी नव्या भव्य इमारतीत गेलेले. उर्दू, फारसी, अरबी, इंग्रजी ग्रंथांचा प्रचंड साठा. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांतली वर्तुळे. खेड्यातून आलेल्या मुलाला एका भाषेतला विचार दुसऱ्या भाषेत नेताना काय होते हे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. रस्त्यावरच दिसत होते.

आता त्या नापासाकडे. १९४७-४८चे वर्ष हैदराबाद संस्थानातल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे वर्ष नव्हतेच. त्याआधी दहा वर्षे, १९३८मध्ये, 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले होते आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला होता. त्यामुळे कॉलेज सोडणे हा राजकीय कृतीचा एक मान्य प्रकार झालेला होता. स्टेट काँग्रेसच्या लढ्यात शाळकरी आणि कॉलेजातली मुले मोठ्या संख्येने उतरली. कुरुंदकरही त्या लढ्यात होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य संपले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते.

राज्य संपले आणि उस्मानियाचे माध्यमही बदलले. उर्दू गेली, इंग्रजी आली. राजकीय इतिहासात ही अर्ध्या ओळीची नोंद आहे. पण त्या वयाच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहा. घरची भाषा मराठी. माध्यमिक शिक्षणाची सर्वसाधारण भाषा उर्दू. मधली दोन वर्षे चळवळीत गेलेली. आणि कॉलेजात जाताच परीक्षा इंग्रजीतून. दहा वर्षांत तीन भाषा आणि दोन राजवटी. त्या पिढीतले कितीजण इंटरच्या उंबऱ्यावर अडखळले असतील याची कल्पना करता येते. आपल्याला त्यांतला एक माहीत आहे, कारण तो पुढे कुरुंदकर झाला. 'वाचनाच्या नादात नापास' हे स्पष्टीकरण त्यांच्या स्वभावाला शोभते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र ज्या परीक्षेत ते नापास झाले, ती परीक्षा स्वतःच त्या काळात डळमळत्या जमिनीवर उभी होती, हे त्या स्पष्टीकरणात येत नाही. व्यक्तीच्या स्वभावाने सगळे समजावता आले की इतिहासाची गरज संपते. दंतकथांना तेच हवे असते.

इथे तुलनेसाठी आणखी एक वाचणारा मुलगा घेता येईल. सेतुमाधवराव पगडी जन्मले निलंग्याला, १९१० साली. म्हणजे सास्तूरच्या जवळच्याच मुलखात, कुरुंदकरांच्या आधी बावीस वर्षे. त्यांच्या बाबतीत परभाषेचे ओझे भांडवल झाले. शिक्षणात ते यशस्वी ठरले, हैदराबादच्या मुलकी सेवेत गेले, आदिलाबादकडे काम करताना गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. आणि उर्दू-फारसीवरचे त्यांचे प्रभुत्व शेवटी मराठ्यांच्या इतिहासाच्या कामी आले. मोगलांच्या बाजूची फारसी साधने मराठीत आणण्याचे त्यांचे काम नसते, तर आपल्या सतराव्या शतकाच्या चित्रात मोठी पोकळी राहिली असती. 'जीवनसेतू' या आत्मचरित्रात ही सगळी वाटचाल आहे. एकाच राजवटीने एका मुलाच्या हाती फारसी कागदांची किल्ली दिली आणि दुसऱ्याला राजवट बदलण्याच्या सांध्यात अडकवले. दोघेही अफाट वाचक. फरक बुद्धीत शोधू नये. बराचसा फरक बावीस वर्षांचा आहे.

नापास झालेल्या मुलाचे पुढे काय झाले? १९५५च्या सुमारास कुरुंदकर नांदेडला आले आणि प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. हातात पदवी नाही, डोक्यात संस्कृत साहित्यशास्त्र, मार्क्स, भरताचे नाट्यशास्त्र आणि मराठी कादंबरी. असा मनुष्य आज कोणत्याही शाळेच्या दारात उभा राहिला तर कारकून त्याला आत सोडणार नाही, आणि नियमाने पाहता ते बरोबरही असेल. त्या काळच्या मराठवाड्यात मात्र शाळा नव्याने निघत होत्या, शिकवणारी माणसे कमी होती, आणि संस्था चालवणारे बरेचसे लोक लढ्यातून आलेले असल्यामुळे माणसाची पारख प्रमाणपत्राखेरीजही करत होते. ही मोकळीक फार वर्षे टिकली नाही. पण तेवढ्या फटीतून एक माणूस आत आला.

नांदेडलाच हिप्परग्याचा धागा पुन्हा हाती येतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नांदेड एज्युकेशन सोसायटीने १९५० साली पीपल्स कॉलेज सुरू केले होते. कुरुंदकर यथावकाश पदवीधर झाले, १९६३ साली एम.ए. झाले, आणि याच पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक म्हणून गेले. पुढे तिथेच प्राचार्य झाले. दंतकथा या टप्प्यापाशी जराशी घाईने पुढे सरकते, कारण नापास नायकाने शेवटी परीक्षा दिली आणि तो पास झाला ही गोष्ट तिला गैरसोयीची आहे. वस्तुतः एम.ए.च्या त्या निर्णयात सगळा व्यवहार आहे : संसार आहे, नोकरीची शाश्वती आहे, आणि महाविद्यालयात शिकवायचे तर पदवी लागते या नियमाचा स्वीकार आहे. परीक्षेची पर्वा न करणारा मनुष्य वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत परीक्षा देत राहिला, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. ते कमी तेजस्वी असेल, पण अधिक उपयोगी आहे.

आता लेखनाविषयी. त्यांची पहिली पुस्तके, 'रिचर्ड्सची कलामीमांसा' आणि 'रूपवेध', एम.ए.च्या आसपासच्या वर्षांतली आहेत. म्हणजे ज्या काळात त्यांनी सर्वाधिक वाचले त्या विशीत ग्रंथरूपाने काही आले नाही. मग इतक्या वाचनाचे होत काय होते? ते बोलले जात होते. नांदेडच्या मित्रांत, वर्गात, राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत, व्याख्यानांत. 'जागर', 'शिवरात्र' यांसारख्या संग्रहांतले गद्य वाचताना हा बोलण्याचा ताल कानाला लागतो. वाक्ये लहान. एक विधान, मग त्यावर संभाव्य आक्षेप, तोही प्रतिपक्षाने मांडला असता त्याहून नेटका, मग त्याचे निरसन. समोर कोणीतरी बसले आहे आणि त्याला उठून जाऊ द्यायचे नाही, असे हे गद्य आहे. ओसरीवरच्या पोथीत वाचणारा आणि अर्थ सांगणारा असे दोघे असत. इथे दोन्ही कामे एकच माणूस करतो आणि शंका विचारणाराही तोच होतो. 'श्रीमान योगी' या रणजित देसाईंच्या १९६८च्या कादंबरीची गाजलेली प्रस्तावना हे मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे, हे इथे आठवावे. शिवाजी महाराजांवरचे मराठीतले एक महत्त्वाचे विवेचन प्रबंध म्हणून जन्मले नाही. कोणीतरी विचारले आणि त्याला उत्तर दिले, असे ते जन्मले.

या गद्यात तळटिपा कमी आहेत. समीक्षेच्या शिस्तीतून पाहणारे अभ्यासक त्याबद्दल नाराज असतात, आणि त्यांची नाराजी रास्त आहे : विधान तपासायचे कसे? तरीही आमच्या मते त्या अभावाकडे एक ऐतिहासिक खूण म्हणून पाहावे. ज्याच्या टेबलाशेजारी स्वतःचा ग्रंथसंग्रह असतो तो उघडून पान क्रमांक लिहितो. ज्याचे वाचन उसन्या पुस्तकांवर, ग्रंथालयात बसून, दुसऱ्याच्या कपाटातून झालेले असते, त्याला पुस्तक परत करायचे असते. तो आशय डोक्यात ठेवतो, युक्तिवादाचा सांगाडा लक्षात ठेवतो आणि पान विसरतो. मराठवाड्यातल्या अनेक जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात ही लकब असे. स्मरण ही त्यांची फुशारकी नव्हती. पुस्तकांच्या टंचाईने लावलेली सवय होती. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत कुरुंदकर गेले तेही व्यासपीठावरच, वयाच्या पन्नाशीच्या आत. त्या डोक्यात असलेले आणि कागदावर न आलेले बरेच काही त्या संध्याकाळी संपले, हा त्या सवयीचा दुसरा अर्थ.

राहिला प्रश्न तो सोसण्याचा. एका तरुणाची जवळजवळ पंधरा वर्षे उत्पन्नशून्य वाचनात जातात तेव्हा त्यांची किंमत कोणीतरी भरत असते. कुरुंदकरांच्या बाबतीत ती आप्तांनी भरली, अक्षराची पिढीजात परंपरा असलेल्या ब्राह्मण घराने भरली, मग एका शाळेने आणि एका महाविद्यालयाने भरली. यांतली एकेक गोष्ट काढून पाहावी. मुलगा मुलगी असता तर? इंटरला नापास झालेल्या मुलीच्या वाचनाची वाट कोणी पाहिली नसती. लग्न झाले असते. तिकडे पुण्या-मुंबईकडे काशीबाई कानिटकरांना एकोणिसाव्या शतकात घरच्यांच्या नजरा चुकवत लिहिणे-वाचणे साधावे लागले होते. मराठवाड्याच्या वाचनाच्या इतिहासात तशी चोरून वाचणारी बाई आपल्याला नावाने भेटायला आणखी बराच काळ जावा लागला. मुलगा गावकुसाबाहेरचा असता तर? ओसरीवरची पोथी त्याला अंगणाबाहेरून ऐकावी लागली असती आणि मामाच्या घरी ग्रंथांचे कपाट नसते.

म्हणूनच १९५० या वर्षाची एक दुसरी नोंद पहिलीच्या शेजारी लिहावीशी वाटते. ज्या वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना मामा नव्हता त्यांच्यासाठी ते कॉलेज, तिथले ग्रंथालय आणि वसतिगृह यांनी मामाची जागा घेतली. गंगाधर पानतावणे आणि 'अस्मितादर्श' यांची वाङ्मयीन पिढी त्याच परिसरात घडली. मराठवाड्याच्या वाचनाचा इतिहास लिहिताना नांदेड आणि औरंगाबाद ही दोन स्वतंत्र प्रकरणे करण्याची आपली पद्धत आहे. ती मोडून एकाच प्रकरणात दोन्ही लिहून पाहिली, तर कुरुंदकरांच्या 'नापास' असण्यामागचा आधार अधिक स्पष्ट दिसेल आणि मिलिंदच्या पहिल्या विद्यार्थ्यांना नापास होणे का परवडणारे नव्हते तेही.

सास्तूरच्या पट्ट्यात हाच प्रश्न १९९३मध्ये फार उघड्या स्वरूपात समोर आला. घरे गेली, आईबाप गेले, आणि शिकण्याच्या वयाची मुले उरली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांचे शालेय शिक्षण तिथे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, जिल्ह्यातच नळदुर्गजवळ मुलांसाठी निवासी प्रकल्प उभा केला. कुरुंदकर ज्या सेवा दलाच्या शिबिरांतून तरुणांशी बोलत असत, ते हेच सेवा दल. नळदुर्गच्या त्या प्रकल्पाला शाळा किंवा आश्रम असे नाव दिलेले नाही. त्याचे नाव आहे 'आपलं घर'.